पुंडलिक : एका नावाचा इतिहास आणि अर्थ

॥ श्री ज्ञानदेव तुकाराम ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. पहिला विणा कुणी धरला, पालं जाऊन तंबू कधी आले, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, हे सगळं जाणत्या मंडळींनी लिहिलं आहेच. मला सांगितलं की बुवा, तुम्ही एका नावावर लिहा. कारण असं झालं, स्मरणिकेसाठी पोरांनी दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या. त्यात पानोपानी पुंडलिक. आणि आताच्या यादीत बघावं तर पन्नाशीच्या आतला पुंडलिक एक नाही. एका पोरानं विचारलं, "बुवा, हे नाव गेलं कुठं?" प्रश्न लहान आहे, पण पोटात घुसणारा आहे. म्हणून लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. जे फडावर शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून ऐकलं, जे वाचून समजलं, तेवढंच मांडतो.

आधी शब्द बघू. पुंडलिक हे मूळचं पुंडरीक. संस्कृतात पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ. कमळाला त्या भाषेत नावं पुष्कळ, पण रंगाप्रमाणे वेगळी आहेत. तांबडं असेल तर कोकनद, निळं असेल तर इंदीवर, आणि पांढरंशुभ्र असेल तर पुंडरीक. विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्यांना पुंडरीकाक्ष हे देवाचं नाव ठाऊकच आहे. ज्याचे डोळे कमळासारखे, तो पुंडरीकाक्ष. म्हणजे बघा, देवाच्या डोळ्याला ज्या फुलाची उपमा, तेच भक्ताचं नाव.

आता पुंडरीकचं पुंडलिक कसं झालं? आपल्या बोलीत र जाऊन ल किंवा ळ येतो, ही जुनी रीत आहे. हरिद्रा म्हणजे आपली हळद. चत्वारिंशत् म्हणजे आपले चाळीस. दरिद्री माणसाला आपण दळिंद्री म्हणतोच की नाही? तसंच पुंडरीकाचा र घासत घासत ल झाला. नदीतला गोटा जसा वाहून वाहून गुळगुळीत होतो, तसा शब्द लोकांच्या तोंडात गुळगुळीत होतो. पोथीतला पुंडरीक लोकांच्या तोंडी आला आणि पुंडलिक झाला. पुढं घराघरात पुंडा, पुंडू, पुंडलिकबुवा, पुंडलिकअण्णा.

पुराणात आणि काव्यात हे नाव आणखीही ठिकाणी आहे. आठ दिशांना आठ हत्ती धरणी तोलून धरतात असं सांगतात, त्यातल्या आग्नेय दिशेच्या हत्तीचं नाव पुंडरीक. रामरायाच्या वंशात कुशाच्या पुढं काही पिढ्यांनी पुंडरीक नावाचा राजा झाला. बाणभट्टाच्या कादंबरीत महाश्वेता ज्याच्यासाठी झुरते तो ऋषिकुमारही पुंडरीकच. जैन मंडळींत आदिनाथांच्या पहिल्या गणधराचं नावही पुंडरीक आहे. पण आपल्या गावच्या आईबापांनी पोराचं नाव ठेवलं ते हत्तीवरनं नाही आणि राजावरनं नाही. ते ठेवलं चंद्रभागेच्या वाळवंटातल्या पुंडलिकावरनं.

त्याची कथा आपल्याला पाठ आहे, तरी नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. दिंडीरवनात जानुदेव आणि सत्यवती हे जोडपं राहत होतं. त्यांचा हा मुलगा. लग्न झालं आणि आईबाप जड झाले. काशीला निघाले तेव्हा नवराबायको घोड्यावर आणि म्हातारी माणसं पायी. वाटेत कुक्कुटस्वामींचा आश्रम लागला. पहाटे पुंडलिकानं बघितलं की मळक्या वस्त्रातल्या बाया आश्रमात आल्या, सडासारवण केलं, पाणी भरलं, आणि जाताना लख्ख होऊन निघाल्या. त्यानं पाय धरून विचारलं, तुम्ही कोण? त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोक आमच्यात पाप धुतात, त्यानं आम्ही मळतो, आणि या ऋषीच्या सेवेनं निर्मळ होतो. हा ऋषी काशीला कधी गेला नाही, यानं फक्त आईबापांची सेवा केली. तिथं पुंडलिकाचे डोळे उघडले. आईबापांना घोड्यावर बसवलं, आपण पायी झाला, आणि मागं फिरून घरी आला.

इथं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही कथा सगळ्या पोथ्यांत सारखी नाही. काही माहात्म्यांत पुंडरीक हा पहिल्यापासूनच मातृपितृभक्त आहे, त्याच्या हातून वाईट काही घडलेलंच नाही. पण कीर्तनात आणि लोकांच्या तोंडी टिकला तो चुकलेला आणि मग फिरलेला पुंडलिक. असं का? मला वाटतं, शेतकऱ्याला चांगली जमीन देणगीत मिळालेली कमी दिसते, खडक फोडून केलेली जास्त दिसते. नांगर लागला की पडीक रानसुद्धा पिकतं, हा आपला रोजचा अनुभव आहे. आणि नावाचा अर्थही तिथंच जुळतो. पांढरं कमळ उगवतं कुठं? चिखलात. चिखलातनं वर येतं आणि पाकळीला डाग नसतो.

मराठीत पुंड असा वेगळा शब्दही आहे. कुणाला न जुमानणारा, दांडगाई करणारा, तो पुंड. त्याचा आणि पुंडरीकाचा उगम एक नाही, पण कानाला दोन्ही जवळ लागतात, आणि संतांनी त्याचा गोड उपयोग केला. तुकोबारायांचा एक अभंग आहे, त्यात ते पुंडलिकाला पुंड्या म्हणून दटावतात, की देवाला उभं करून ठेवलंस, एवढा माजलास का? आईनं लाडक्या लेकराला रागवावं तसं ते रागावणं आहे. वरनं राग, आतनं कौतुक. देवाला ताटकळत ठेवायची ताकद एका माणसात आली ती कशानं, हे त्यात सांगायचं आहे.

आता देव कसा आला ते बघू. रुक्मिणीमाता रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत द्वारकेचा राणा निघाला. गाई गोपाळ घेऊन ज्या ठिकाणी थांबला ते गोपाळपूर. पौर्णिमेला आपण तिथं गोपाळकाला करतो तो त्याच आठवणीनं. तिथनं देव पुंडलिकाच्या दारात आला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. देव म्हणाला, मी आलोय. पुंडलिकानं मान वळवली, जवळची वीट मागं सारली आणि सांगितलं, यावर उभा राहा, माझी सेवा संपू दे. देव विटेवर उभा राहिला. कमरेवर हात ठेवले. तो अजून उभा आहे.

वर माग म्हटल्यावर पुंडलिकानं काय मागितलं? धन नाही, आयुष्य नाही, मोक्षसुद्धा नाही. असाच इथं उभा राहा आणि जो येईल त्याला दर्शन दे, एवढंच मागितलं. स्वतःसाठी मागितलं असतं तर ते त्याच्याबरोबर संपलं असतं. त्यानं तुमच्या माझ्यासाठी मागितलं, म्हणून आज आषाढीला लाखो माणसं जातात आणि कुणी रिकामं परतत नाही.

म्हणून आपला जयघोष नीट ऐका. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. तोंडानं रोज म्हणतो, पण अर्थाकडं ध्यान कमी जातं. वरद म्हणजे वर देणारा. पुंडलिकाला वर देणारा जो हरी, तो विठ्ठल. म्हणजे देवाची ओळख काय सांगितली? वैकुंठाचा राजा नाही, चक्र धरणारा नाही. पुंडलिकाला वर दिला तो. गावाकडं आपण नाही का म्हणत, अमक्याचा बाप, तमकीची आई? लेकरावरनं आईबापांची ओळख. तशी इथं भक्तावरनं देवाची ओळख. आधी भक्ताचं नाव, मग देवाचं. आणि पुढं ज्ञानदेव, तुकाराम. म्हणजे आपल्या संप्रदायाच्या घोषात सगळ्यात पहिलं नाव उच्चारलं जातं ते पुंडलिकाचं.

आता पुराव्याचं बोलू, कारण स्मरणिकेत इतिहास पाहिजे. पुंडलिक हे नाव पंढरीशी किती जुनं जोडलेलं आहे? यादव राजा कृष्णाच्या काळातला एक ताम्रपट आहे, शके ११७१, म्हणजे इ.स. १२४९ चा. बेळगावकडच्या एका गावाचं दान त्यात नोंदलं आहे. ते दान जिथं झालं त्या जागेचं नाव लिहिलं आहे पौंडरीकक्षेत्र, भीमरथी नदीच्या काठी, विष्णुदेवाच्या सान्निध्यात. भीमरथी म्हणजे आपली भीमा. पौंडरीकक्षेत्र म्हणजे पुंडरीकाचं क्षेत्र. ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ ला, म्हणजे इ.स. १२९० ला. तर हा ताम्रपट ज्ञानेश्वरीच्या ४१ वर्षं आधीचा. ज्ञानोबामाउलींनी लिहायच्या आधीपासून पंढरीला लोक पुंडलिकाचं गाव म्हणत होते, याची ही तांब्यावरची साक्ष.

त्याच्याही आधी १२३७ साली होयसळ राजा सोमेश्वर यानं विठ्ठलाच्या नैवेद्यासाठी गाव दान दिल्याचा लेख आहे. १२७० च्या लेखात पांडुरंगपूर असं नाव येतं. आणि मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख तर आपण सगळ्यांनी बघितला आहे, पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनी चुकतात म्हणून लोक तिथं पाठ घासतात. तो शके ११९५ ते ११९९ चा, म्हणजे १२७३ ते १२७७ चा. देवळाला कुणी काय दिलं त्याची ती यादी आहे. राजा रामदेवराव यादव आणि हेमाडपंत यांची नावं त्यात आहेत. श्रीशंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकाच्या पहिल्याच श्लोकात सांगितलं आहे की देव भीमेच्या तीरावर आला तो पुंडरीकाला वर द्यायला. तिथंही तेच. देव आला कशासाठी, तर पुंडरीकासाठी.

विद्वानांत पुंडलिकावर बराच वाद आहे. गुरुदेव रानडे म्हणतात तो कानडी मुलखातला संत आणि वारकरी पंथाचा आद्य पुरुष. कुणी त्याला होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या काळात बसवतात. या राजाचं दुसरं नाव बिट्टिदेव, आणि विष्णू शब्दाचं कानडी वळण बिट्टी, त्यावरनं विठ्ठल, असं सांगणारेही आहेत. रा. चिं. ढेरे यांनी मात्र पुंडलिक हा खरा होऊन गेलेला माणूस नसून कथेतला आहे असं मांडलं. विठ्ठलाच्या दैवतावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळात आत शिवलिंग आहे आणि त्यावर मुखवटा चढवतात, हे तर आपण डोळ्यांनी बघतो. त्यावरनं तो मूळचा शिवाचं स्थान असावा असं विद्वान म्हणतात.

मला विचाराल तर या वादानं वारकऱ्याचं काही बिघडत नाही. पंढरीत हरी आणि हर वेगळे नाहीतच. विठ्ठलाच्या मस्तकी शिव आहे असं संतांनी सांगितलं, आपण एकादशी करतो आणि सोमवारही पाळतो. मग विठ्ठलाला उभा करणाऱ्याच्या जागी शिव असला तर त्यात नवल काय? आणि त्या देवळात पूजेचा मान कोळी समाजाकडं आहे, हेही ध्यानात ठेवा. नावेवर पोट असलेल्या माणसांनी पुंडलिक सांभाळला.

जागा बघा कुठली. सगळी देवळं काठावर, उंचावर. पुंडलिक मात्र पात्रात, वाळवंटात. उजनी आणि वीर धरणाचं पाणी सुटलं की पहिली बातमी कुठली येते? पुंडलिकाच्या देवळाला पाण्याचा वेढा. कळस तेवढा दिसतो. पाणी ओसरलं की पुन्हा तो तिथंच. आपण आधी चंद्रभागेत स्नान करतो, मग पुंडलिकाचं दर्शन, मग चोखोबा आणि नामदेव पायरी, आणि मग पांडुरंग. आईबापांच्या सेवेच्या वाटेनंच देवाकडं जायचं, हे पायांना शिकवून ठेवलं आहे.

परंपरा असंही सांगते की विजयनगरचा राजा कृष्णदेवराय देवाची मूर्ती घेऊन गेला आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती परत आणली. आमचे जुने कीर्तनकार यावर सांगायचे, हंपीला दगडाचं एवढं भव्य देऊळ, पण देव तिथं रमला नाही. का? तिथं पुंडलिक नव्हता. देव वचनात बांधलेला, आणि वचन दिलेलं वाळवंटात.

हे नाव पंढरीपुरतं राहिलं नाही. महाराष्ट्रात तर आहेच, गोव्यात आहे, बेळगाव, विजापूरकडं कानडी घरांत आहे. १९१२ साली, मे महिन्यात, मुंबईत दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' हा चित्रपट दाखवला गेला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच्या नंतर वर्षानं आला. म्हणजे आपल्या देशात पडद्यावर पहिल्यांदा जी गोष्ट हलली चालली, त्यात पुंडलिकाचं नाव फार वर आहे. ज्या लोकांनी तो केला त्यांना खात्री होती की हे नाव लावलं की माणूस येणार.

आपल्या भागात तर प्रत्येक गावात दोन-तीन पुंडलिक असायचेच. मग ओळखायला मळ्यातला, वेशीतला, माळावरचा अशी भर घालायची. बारशाला म्हातारी आजी कानात कुर्र करून हे नाव सांगायची. त्यात दोन हेतू असायचे. एक, पोराला हाक मारता मारता पंढरीची आठवण. दुसरा, आजीच्या पोटातली आशा, की हा म्हातारपणी आम्हाला बघेल. नाव म्हणजे काय हो? आईबापांनी लेकराच्या कानात सांगितलेली पहिली इच्छा.

आता पोराच्या प्रश्नाकडं येतो. नाव गेलं कुठं? लोक म्हणतात जुनं झालं, शाळेत पोरं हसतात. नावं बदलतात, त्याचं मला दुःख नाही. माझ्या नातवंडांची नावं मलाच नीट उच्चारता येत नाहीत, तरी ती गोड आहेत. दुःख दुसरं आहे, ते या स्मरणिकेत लिहितो, कारण शंभर वर्षांचा हिशेब मांडताना जमेबरोबर खर्चही लिहावा लागतो.

काही वर्षांमागं एक म्हातारबाबा आपल्या दिंडीत आले. नाव गाव लिहीत नाही. मुलानं आळंदीला आणून सोडलं, पिशवीत दोन धोतरं आणि गोळ्यांची पुडी. पंढरपुरात न्यायला येतो म्हणाला. बाबा सगळी वाट चालले, ट्रकात बसा म्हटलं तरी बसले नाहीत. द्वादशीला बारस सोडली, पौर्णिमेला काला झाला, तंबू उतरले. मुलगा आला नाही. फोन लागला तेव्हा पलीकडनं सांगितलं, राहू द्या ना त्यांना तिथंच, देवाजवळ बरं वाटंल. बाबांना आम्ही सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "पोराला सुटी मिळाली नसंल." त्यांना आपल्या मंडळींनी आलटून पालटून घरी ठेवलं, आणि त्यांचं शेवटचंही दिंडीनंच केलं.

वारीत माणसं हरवतात, भोंग्यावर पुकारतात, सापडतात. पण काही हरवलेली नसतात, सोडलेली असतात. त्यांना भोंगा कुठून शोधणार? पुंडलिकानं आईबापांसाठी देवाला थांबवलं, आणि आम्ही देवाच्या नावावर आईबापांना तिथं थांबवून येतो. तोच जयघोष करत येतो.

मी सगळ्यांना दोष देत नाही. शहरात पोरांना दहा बाय दहाची खोली असते, त्यात चार माणसं. शेतात पिकत नाही, पिकलं तर विकत नाही. सून दिवसभर राबते. सेवा म्हणजे काही पाय चेपत बसणंच नव्हे. आठवड्यातून दोनदा फोन, औषधाची पुडी वेळेवर, दवाखान्यात बरोबर कुणीतरी, आणि ते बोलताना मोबाइल खाली ठेवणं, यातही पुंडलिक आहे. पुंडलिकानं देवाला वीट दिली, म्हणजे काय दिलं? थोडा वेळ थांब म्हणून सांगितलं. आपण आईबापांना थांबवतो आणि बाकी सगळ्यांना वेळ देतो. त्यानं उलट केलं. एवढाच त्या कथेचा गाभा.

म्हणून शंभराव्या वर्षी दिंडीनं दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. एक, जो कुणी म्हातारं माणूस दिंडीत आणून सोडंल त्याचा पत्ता आणि फोन वहीत लिहून घ्यावा, आणि परतीला घरपोच केल्याशिवाय दिंडी मोडली असं म्हणू नये. दुसरी, प्रत्येक वर्षी एका तरुणानं आपल्या आईला नाहीतर बापाला बरोबर घेऊन चालावं, आणि चंद्रभागेत त्यांचे पाय आपल्या हातानं धुवावेत. त्याचा सत्कार नको, नारळ नको, फोटो नको.

मग पोराचं नाव पुंडलिक ठेवलं नाही तरी चालेल. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ, ते कुठल्याही नावाच्या माणसात उमलतं. आणि कुणी ठेवलंच, तर त्या लेकराच्या कानात नावाबरोबर ही गोष्टही सांगावी. देव अजून विटेवर उभा आहे, तो घाईत नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.

रामकृष्ण हरि.